गल्लीतल्या पावसाळी गटाराचे कंत्राट: ते कसे निघते आणि कुठे बिघडते

जूनच्या पहिल्या जोरदार सरीत नवे कोरे गटार तुंबले की शिव्या ठेकेदाराला बसतात. पुष्कळदा त्या रास्तही असतात. पण महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांच्या अशा कामांची फाइल नीट वाचली, तर बिघाडाचे मूळ अनेकदा ठेकेदार ठरण्याच्या कितीतरी आधी सापडते. अंदाजपत्रक तयार झाले आणि पाणी शेवटी जाणार कुठे, किती उंचीवर, हे कोणी मोजलेच नाही, तिथेच काम फसलेले असते. म्हणून हा लेख निविदेपासून सुरू होत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. पावसाळी गटार वेगळे आणि घरांचे मैलापाणी नेणारी ड्रेनेज लाइन वेगळी. पावसाळी गटारातले पाणी प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नाल्यात जाते. गल्लीत ते तीन प्रकारांनी बांधले जाते: रस्त्याकडेचे झाकणांचे आरसीसी गटार, मोठ्या पाण्यासाठी आरसीसी बॉक्स, किंवा जमिनीखालून सिमेंटचे पाइप. रहदारीच्या रस्त्याखाली पाइप एनपी-३ किंवा त्याहून मजबूत एनपी-४ वर्गाचे लागतात. एनपी-२ हलका असतो, तो अशा ठिकाणी घालू नये.

आधी शेवटचे टोक मोजायचे

किती पाणी येणार हे काढायचे सूत्र अवघड नाही. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये आणि पडलेल्या पाण्यातले किती न मुरता वाहून येते तो गुणांक, या तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागायचे. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येते. काँक्रीटच्या गल्ल्या, फरशीची अंगणे आणि पत्र्याची छपरे असलेल्या वस्तीसाठी गुणांक ०.८ धरू. वस्ती पाच हेक्टरची, म्हणजे साधारण साडेबारा एकर, आणि पाऊस तासाला ६० मिमी. ०.८ × ६० × ५ ÷ ३६० = ०.६७. म्हणजे दर सेकंदाला ६७० लिटर पाणी गटाराच्या तोंडाशी येणार.

तासाला किती मिलिमीटर धरायचे हा निर्णय तांत्रिक आहे तितकाच पैशाचाही आहे. मुंबईतल्या जुन्या वाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिमी पाऊस वाहून नेतील अशा बेताच्या होत्या. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पावसाळी निचऱ्यावरच्या अहवालाने ही क्षमता ५० मिमीवर नेण्याचे सुचवले आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाल्यावर त्या कामांना वेग आला. लहान शहरांच्या अंदाजपत्रकांत मात्र हा आकडा कुठून घेतला याचा उल्लेखच नसतो. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाची २०१९ ची पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची नियमपुस्तिका उपलब्ध आहे. कोणत्या भागासाठी किती वर्षांत एकदा येणारा पाऊस धरावा, हे ठरवायचा आधार तिथे मिळतो. अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर तो आधार लिहिलेला असलाच पाहिजे.

आता हे ६७० लिटर न्यायचे कशातून? ६०० मिमी व्यासाचा पाइप १:२०० उताराने पूर्ण भरून वाहिला तर सेकंदाला सुमारे ४३० लिटर नेतो. म्हणजे अपुरा. ७५० मिमीचा त्याच उताराने ७८० च्या आसपास नेतो. कागदावर प्रश्न सुटला, आणि बहुतेक अंदाजपत्रके इथेच थांबतात.

पुढचा हिशेब असा आहे. गटाराची लांबी ३०० मीटर. १:२०० उतार म्हणजे एवढ्या लांबीत तळ दीड मीटर खाली उतरणार. वरच्या टोकाला तळ रस्त्यापासून १.४ मीटर खोल ठेवला आणि रस्ता सपाट असला, तर नाल्याशी पोचताना तो २.९ मीटर खोल जाईल. पण नाल्याचा तळच रस्त्यापासून दोन मीटर खाली आहे. म्हणजे पाइप नाल्याच्या तळाच्याही ९० सेंटिमीटर खाली जातो. प्रत्यक्ष साइटवर हे लक्षात आले की शेवटचे पन्नास-साठ मीटर कसेबसे वर उचलून जोडले जातात. तो उलटा उतार कायम गाळ धरून ठेवतो.

योग्य उत्तर काढायचे तर उतार १:६०० करावा लागतो. मग तळ फक्त ५० सेंटिमीटर उतरतो आणि १.९ मीटरवर नाल्याला मिळतो. पण उतार कमी केला की पाइपची क्षमता घटते: ७५० मिमीचा पाइप आता जेमतेम ४५० लिटर नेईल. ९०० मिमीचा घ्यावा लागेल, तो सुमारे ७४० नेतो. आता वरच्या टोकाला पाइपच्या डोक्यावर माती उरते ४० सेंटिमीटर. एवढ्या कमी आच्छादनावरून कचऱ्याची गाडी जाणार असेल तर एनपी-४ पाइप किंवा भोवती काँक्रीटचे कवच हवे. नाल्याच्या तळाची एक पातळी मोजली आणि पाइपचा व्यास, वर्ग, खोदाई आणि खर्च हे सगळे बदलले. ती पातळी अंदाजपत्रकाआधी मोजली तर हा बदल वाजवी दरात होतो. काम सुरू झाल्यावर कळली तर तो ‘वाढीव काम’ म्हणून होतो, किंवा होतच नाही.

नाला भरून वाहत असतानाची त्याची पूरपातळीही बघावी लागते. नाल्यात दीड मीटर पाणी असेल तर गटारातले पाणी बाहेर पडायच्या ऐवजी नाल्यातलेच आत शिरते. तोंडाशी एकतर्फी झडप बसवता येते, पण ती पाणी आत येऊ देत नाही एवढेच. वस्तीतले पाणी तोवर अडूनच राहते. अशा ठिकाणी खरे काम खालच्या बाजूला, एखाद्या अरुंद मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून नाला नेणाऱ्या छोट्या पुलापाशी असते. गल्लीत कितीही मोठे पाइप घातले तरी ती मोरी रुंद होईपर्यंत फरक पडत नाही. पण मोरीच्या कामाचा फलक गल्लीच्या तोंडाशी लावता येत नाही, म्हणून ते मागे पडते.

हे सगळे ज्या नकाशावर दिसते त्याला लांबीछेद म्हणतात. कार्यालयात सगळे ‘एल-सेक्शन’च म्हणतात. दर दहा-वीस मीटरवर रस्त्याची पातळी, गटाराच्या तळाची पातळी, खोदाईची खोली आणि शेवटी नाल्याचा तळ व पूरपातळी, एवढे त्यावर असते. अंदाजपत्रकासोबत लांबीछेद जोडलेला नसेल तर बाकी काही विचारण्याआधी तोच मागा.

पाणी गटारात शिरण्याची सोयही अंदाजपत्रकात वेगळी दिसली पाहिजे. पाइप भला मोठा, पण रस्त्यावरचे पाणी त्यात जाणार ते कडेच्या जाळीच्या चेंबरमधून. साधारण २० ते ३० मीटरवर एक जाळी आणि जिथे रस्ता खोलगट आहे तिथे हमखास एक, असा हिशेब ठेवावा. पुष्कळ ठिकाणी तीनशे मीटर पाइपला चारच जाळ्या असतात आणि गटार आतून कोरडे असताना रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते. नंतर रस्त्याचे काँक्रीटीकरण वेगळ्या ठेक्यात होते, रस्ता २०-२५ सेंटिमीटर वर येतो आणि जाळ्या एकतर बुजतात किंवा पाणी त्यांच्याकडे वळतच नाही. दोन्ही कामे एकाच रस्त्यावर येणार असतील तर गटार आधी, आणि जाळ्यांच्या पातळ्या नव्या रस्त्याच्या नकाशावरून.

अंदाजपत्रकात काय राहून जाते

अंदाजपत्रक दरसूचीवर बनते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा त्या महापालिकेच्या दरसूचीतली एकेक बाब, तिचे परिमाण आणि दर. दरात फारसा खेळ करता येत नाही. खेळ होतो तो परिमाणात आणि बाबीच्या निवडीत.

सर्वात संशयाची जागा खोदाई. ३०० मीटर लांब, दीड मीटर रुंद, सरासरी दोन मीटर खोल चर म्हणजे ९०० घनमीटर. यातले मऊ माती-मुरूम किती, कठीण मुरूम किती, मऊ खडक किती आणि कठीण खडक किती, यावर रक्कम ठरते, कारण कठीण खडकाचा दर मुरुमाच्या कितीतरी पट असतो. दख्खनच्या पठारावर खडक लागतोच. पण कुठे आणि किती खोलीवर, हे अंदाजाने लिहिले तर त्याचा फायदा एकाच बाजूला होतो. रेषेवर तीन-चार चाचणी खड्डे घेतले की उत्तर मिळते. त्याच खड्ड्यांतून महावितरणची केबल, पाण्याची लाइन आणि गॅसचा पाइपही दिसतो. हे आधी न बघितल्यामुळे अर्धवट चर महिनोन् महिने उघडे पडून राहतात: केबल हलवायचा खर्च कोणाच्याच बाबीत नसतो, ठेकेदार थांबतो आणि त्याला मुदतवाढ द्यावीच लागते.

राहून जाणाऱ्या इतर बाबीही ठरलेल्या आहेत. चरातले पाणी उपसणे. दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूंनी आधार देणे. हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि ही बाब अंदाजपत्रकात नसेल तर ठेकेदार ती फुकट करणार नाही. पाइपखालची काँक्रीटची किंवा बारीक खडीची बैठक. माती परत भरताना १५ ते २० सेंटिमीटरचे थर देऊन धुम्मस करणे. निघालेला राडारोडा नेऊन टाकण्याचे अंतर. रस्ता पूर्ववत करणे. आणि झाकणे. सिमेंटची झाकणे भार पेलण्याच्या क्षमतेनुसार चार दर्जांत येतात: एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२० आणि ईएचडी-३५. ट्रक-बस जाणाऱ्या रस्त्यावर पहिले दोन चालत नाहीत. अंदाजपत्रकात नुसते ‘आरसीसी झाकण’ असे लिहिले असेल तर सर्वात हलके झाकण येणार.

एकच रस्ता तीन तुकड्यांत दाखवून तीन लहान कामे केली जातात, हा प्रकार सर्वांना माहीत आहे. ई-निविदेच्या किंवा वरिष्ठांच्या मान्यतेच्या मर्यादेखाली राहणे हा त्यामागचा हेतू असतो. पण पैशांपेक्षाही मोठे नुकसान पातळ्यांचे होते. तीन तुकडे, तीन ठेकेदार, तीन वेगळे तळ. जोडावर दहा सेंटिमीटरची पायरी राहिली की तिथे गाळ बसलाच.

फाइलचा प्रवास आणि निविदा

अंदाजपत्रकाला आधी प्रशासकीय मान्यता लागते: काम करायचे आणि त्यासाठी तरतूद आहे. मग तांत्रिक मान्यता: आराखडा आणि परिमाणे बरोबर आहेत. किती रकमेपर्यंत कोण तांत्रिक मान्यता देऊ शकतो हे ठरलेले असते. त्यानंतर निविदेचा मसुदा मंजूर होतो आणि सूचना राज्याच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर लागते. लहान कामांत बहुधा बी-१ नमुना वापरतात. त्यात प्रत्येक बाबीचा दर कार्यालयानेच दिलेला असतो आणि ठेकेदार एकच आकडा भरतो: अंदाजित रकमेपेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार भरतो.

निविदा दोन लिफाफ्यांत असते. लिफाफे आता संगणकावरचे असले तरी शब्द तोच राहिला. पहिल्यात नोंदणी, बयाणा रक्कम, समान कामाचा अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री. दुसऱ्यात दर. पहिल्यात पात्र ठरलेल्यांचाच दुसरा उघडतो. सर्वात कमी दराच्या बोलीला मंजुरी, मग सुरक्षा ठेव, करारनामा आणि कार्यादेश.

स्पर्धा मारली जाते ती पहिल्या लिफाफ्याच्या अटींत. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली घालून दिलेला एक मापदंड इथे तुलनेला उपयोगी आहे: अंदाजित खर्चाच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक समान काम. पन्नास लाखांच्या गटारासाठी कोणी दोन कोटींच्या कामाचा अनुभव मागत असेल, रेडीमिक्स प्लांट अमुक किलोमीटरच्या आतच हवा म्हणत असेल, किंवा साइट पाहिल्याचा अभियंत्याच्या सहीचा दाखला सक्तीचा करत असेल, तर ती अट कामासाठी आहे की एका नावासाठी, हा प्रश्न लेखी विचारायला हवा. साइट पाहिल्याच्या दाखल्यामुळे निविदा कोण कोण भरणार आहे हे आधीच कळते आणि ठेकेदारांना आपसांत ठरवून साखळी करायला सोपे जाते. तीनच बोली, त्यांतल्या दोन अबव्ह (अंदाजित रकमेपेक्षा जास्त) आणि तिसरी अर्धा टक्का बिलो (कमी), असे निकालपत्र वर्षभर वॉर्डातल्या प्रत्येक कामाला दिसले तर त्यात योगायोग उरत नाही. ही निकालपत्रे संकेतस्थळावर सर्वांना बघता येतात.

पाऊस तोंडावर आला की तातडीचे काम म्हणून निविदेशिवाय कामे दिली जातात. महापालिका अधिनियमातल्या कलम ६७(३)(क) चा आधार त्यासाठी घेतला जातो. कोसळलेली मोरी किंवा खचलेला रस्ता यासाठी हे कलम आवश्यकच आहे. पण दरवर्षी जूनमध्ये त्याच चौकात तुंबणारे पाणी ही अचानक आलेली आपत्ती नाही.

तीस टक्के बिलो

कमी दर म्हणजे लोकांचे पैसे वाचले, असे वरवर दिसते. गटारात तसे क्वचितच होते. सिमेंट, लोखंड, पाइप आणि डिझेल सगळ्यांना जवळपास त्याच भावाने मिळते. दरसूचीत ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च धरलेला असतो. त्याहून खूप खाली गेलेला आकडा कुठून तरी भरून काढावाच लागतो. तो भरला जातो तो जमिनीखाली, जिथे दिसत नाही. चर १५ सेंटिमीटर कमी खोदला. बैठकीचे काँक्रीट निम्म्या जाडीचे घातले. सळ्यांचे अंतर १५० मिमीऐवजी २०० मिमी केले. माती थरांत न दाबता जेसीबीने एकदम ढकलली. मग पहिल्या पावसात रस्ता बसतो आणि पाइपचे सांधे उघडतात.

म्हणूनच शासनाच्या निविदा कार्यपद्धतीत फार खाली गेलेल्या बोलीकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते आणि बोली जितकी खाली तितकी ही ठेव वाढत जाते. दराचे पृथक्करणही मागता येते: एवढ्या दरात काम कसे करणार ते बाबवार दाखवा. हे पृथक्करण फाइलमध्ये आहे का आणि जादा ठेव कार्यादेशाआधी जमा झाली का, एवढ्या दोन गोष्टी बघितल्या तरी पुष्कळ कळते.

दुसरी वाट वाढीव परिमाणाची. बी-१ करारातल्या कलम ३८ नुसार एखाद्या बाबीचे परिमाण निविदेतल्या आकड्याच्या १२५ टक्क्यांपलीकडे गेले की पुढच्या भागाचा दर दरसूचीवरून नव्याने ठरतो. निविदेतली कमी-जास्त टक्केवारी त्यालाही लागते, पण मूळ दर चालू दरसूचीचा असतो. ज्या बाबीचे परिमाण अंदाजपत्रकात मुद्दाम कमी दाखवले, ती नंतर फुगते. कठीण खडक अंदाजपत्रकात ४० घनमीटर आणि देयकात ३०० असेल, तर चाचणी खड्डे का घेतले नव्हते, याचे उत्तर अभियंत्याने द्यायचे आहे.

मोजमाप पुस्तिका

पैसे मोजमाप पुस्तिकेवरून निघतात. साइटवर तिला ‘एमबी’ म्हणतात. कनिष्ठ अभियंता मोजून नोंदवतो, उपअभियंता काही भाग पुन्हा मोजून तपासतो, मग चालू देयक निघते. गटाराच्या कामात यातल्या दोन नोंदी निर्णायक असतात. पहिली, काम सुरू होण्याआधीच्या जमिनीच्या पातळ्या, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह. ही नसेल तर किती खोदले हे नंतर कोणीच सिद्ध करू शकत नाही. दुसरी, झाकल्या जाणाऱ्या कामांची: चराचा तळ, बैठक, सळ्या. या मातीखाली जाण्याआधी मोजून, फोटोसह नोंदवायच्या असतात. पाइप टाकल्याच्या तारखेनंतर बैठकीची नोंद असेल तर ती मोजलेली नाही, लिहिलेली आहे.

काँक्रीटचा दर्जा १५० मिमीच्या ठोकळ्यांवरून ठरतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ साठी दोन, १६ ते ३० साठी तीन, ३१ ते ५० साठी चार आणि पुढे दर ५० घनमीटरला आणखी एक. एका नमुन्याचे तीन ठोकळे, २८ दिवसांनी दाबून तपासायचे. २०० घनमीटर काँक्रीटच्या बॉक्स गटाराला सात नमुने, म्हणजे एकवीस ठोकळे हवेत. अहवालात तीनच असतील, किंवा ओतकामाची तारीख आणि चाचणीची तारीख यांत २८ दिवसांचे अंतर बसत नसेल, तर तो अहवाल देयकाला जोडण्यापुरताच आहे. त्रयस्थ तपासणी संस्था नेमलेली असली तरी तिची माणसे ओतकामाच्या दिवशी साइटवर होती का, हे भेटीच्या नोंदवहीत दिसले पाहिजे.

अंतिम देयकाआधीची सर्वात स्वस्त आणि सर्वात प्रामाणिक चाचणी पाण्याची आहे. दहा हजार लिटरचा टँकर वरच्या चेंबरमध्ये रिकामा करायचा आणि खालच्या प्रत्येक चेंबरचे झाकण उघडून बघत जायचे. अर्ध्या तासाने एखाद्या चेंबरमध्ये पाणी उभे असेल तर तिथे तळ चुकला. ते किती सेंटिमीटर उभे आहे हे पट्टीने मोजून लिहायचे. मोठ्या लांबीसाठी पाइपमधून कॅमेरा फिरवून चित्रीकरण करतात. ती बाब निविदेतच घालावी. ही चाचणी एप्रिल-मेमध्ये झाली तर दुरुस्तीला वेळ असतो.

गाळाचे कंत्राट

नालेसफाईचा ठेका वेगळा निघतो आणि तो बांधकामापेक्षा निसरडा, कारण काढलेला गाळ नंतर दाखवता येत नाही. देयक बहुधा वजनावर असते. गाडी वजनकाट्यावर जाते, पावती मिळते, पावत्यांची बेरीज होते. यात ओल्या गाळात पाणी मोजले जाते, राडारोडा भरला जातो, एकच गाडी दोनदा मोजली जाते. मिठी नदीतल्या गाळाच्या कामांबाबत मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये गुन्हा नोंदवला. त्यात महापालिकेचे सुमारे ६५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा आरोप आहे.

ताडून बघायचा हिशेब घरी बसून करता येतो. २०० मीटर लांब, दीड मीटर रुंद गटारात सरासरी अर्धा मीटर गाळ असेल तर तो १५० घनमीटर झाला. ओल्या गाळाचे वजन घनमीटरला साधारण १.६ टन धरले तर २४० टन. दहा टनांच्या गाडीच्या २४ खेपा. देयकात ६० खेपा असतील तर बाकीच्या ३६ कुठून आल्या हे विचारता येते. म्हणूनच नुसत्या वजनावर देयक देऊ नये; सफाईआधी आणि सफाईनंतर ठरलेल्या बिंदूंवर गाळाची जाडी मोजून नोंदवावी आणि वजन तिच्याशी जुळले तरच रक्कम द्यावी. गाळ काठावर टाकून ठेवायची मुदतही अटीत हवी, नाहीतर पहिल्या पावसात तो परत आत जातो.

सुरक्षा साधने न देता मैलापाण्याच्या चेंबरमध्ये माणूस उतरवून सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने बंद आहे. पावसाळी गटारात चोरून मैलापाण्याचे जोड दिलेले असतात, त्यामुळे तिथेही विषारी वायू साठतो. जोराच्या पाण्याने गाळ सोडवणारे जेटिंग आणि तो ओढून घेणारे सक्शन यंत्र ही निविदेतली मोजली जाणारी बाब असावी. ती नसेल तर ठेकेदार माणूस उतरवणार हे गृहीत धरले गेले आहे, आणि ते कोणत्याही कारणाने खपवून घेता कामा नये.

वर्षाचे गणित

पाणी कुठे साचते हे जुलै-ऑगस्टमध्येच दिसते, म्हणून सर्वेक्षण तेव्हाच व्हायला हवे: साचण्याच्या जागा, खोली, पाणी ओसरायला लागलेला वेळ. ऑक्टोबरपर्यंत पातळ्या आणि अंदाजपत्रक, नोव्हेंबरमध्ये मान्यता, डिसेंबरमध्ये निविदा, जानेवारीअखेर कार्यादेश. मग फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत साडेतीन महिने मिळतात आणि ३०० मीटरच्या कामाला ते पुरतात. नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याची वाट बघितली तर एप्रिलमध्ये मान्यता, मेमध्ये निविदा आणि जूनमध्ये उघडा चर. मध्ये निवडणूक आली तर आचारसंहितेत नवी निविदा निघत नाही. तो काळ धरूनच वेळापत्रक मागे ओढावे लागते. मागणी करायची असेल तर ती सप्टेंबरमध्ये, फोटो आणि पाण्याच्या खोलीसह करा. मेमध्ये दिलेल्या निवेदनातून फक्त गाळ काढला जातो.

काम झाल्यावर

माहिती अधिकारात नेमके काय मागायचे ते ठरवून मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये. ‘सर्व कागदपत्रे द्या’ असे लिहिले की अर्ज फिरतो. लांबीछेद, कामाआधीच्या पातळ्यांची नोंद, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ठोकळ्यांचे अहवाल आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, एवढे मागितले तरी पुरे. उत्तराची मुदत ३० दिवस. न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. तो फार कमी लोक वापरतात, पण चर उघडा असताना त्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरची तारीख महत्त्वाची, कारण दोषदायित्व कालावधी तिथून मोजतात. या काळात खचणे, तुंबणे, झाकण फुटणे याची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. मेमध्ये दाखला आणि बारा महिन्यांचे दायित्व, म्हणजे एकच पावसाळा. गटारासाठी किमान तीन पावसाळे तरी मिळतील असा कालावधी निविदेत असावा. हे निविदा निघण्याआधी, मसुद्याच्या वेळी सांगावे लागते. दायित्वाची शेवटची तारीख, ठेकेदाराचे नाव आणि रक्कम असलेला फलक जागेवर राहिला पाहिजे.

पहिल्या पावसाळ्यात पाणी साचले तर तोंडी सांगून थांबू नका. तारीख, वेळ, जवळच्या चेंबरची खूण, पाण्याची सेंटिमीटरमध्ये खोली आणि फोटो, असे एक पानी पत्र कार्यकारी अभियंत्याच्या नावे द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक घ्या. सुरक्षा ठेव परत करण्याची फाइल पुढे जाते तेव्हा प्रलंबित दोष नाही असा अभियंत्याचा शेरा त्यावर लागतो. आवक क्रमांक असलेली तक्रार नोंदीवर असताना तो शेरा सहजासहजी मारता येत नाही, म्हणून ते पत्र दायित्वाची मुदत संपण्याआधी पोचले पाहिजे.